शेळी, कात्री आणि उन्हाळा

मराठीत ‘मेंदीचे कुंपण’ हे शब्द इतके रुळले आहेत की ते कुंपण खरोखर मेंदीचे आहे की नाही, हे पाहायला कुणी थांबत नाही. आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या गावात सरकारी क्वार्टरसमोर, शाळेच्या मैदानाकडेला किंवा जुन्या वस्तीतल्या घरापुढे कमरेइतकी छाटलेली हिरवी रांग दिसली की ती मेंदी, एवढे आपल्याला पुरते. जवळ जाऊन पान चुरडले तर मात्र वेगळेच काही हाती येते. खरी मेंदी, म्हणजे तेलुगू शेजारणी आषाढात जी हाताला लावतात ती गोरिंटाकू, लहान निमुळत्या पानांची आणि मंद सुगंधी फुलांच्या तुऱ्यांची असते. पुष्कळदा कुंपणात असते ती कडू मेंदी. तिचे पान जाड आणि चकचकीत असून चुरडल्यावर उग्र वास येतो. पांढऱ्या फुलातून जांभळट केसर लांब बाहेर डोकावतात. पुस्तकांत तिला वनजाई किंवा कोयनेल म्हणतात. अलीकडच्या बागांमध्ये यांच्या जागी पोपटी-पिवळ्या पानांचा ड्युरांटा आला आहे. ही तीन झाडे एकमेकांची कुणी लागत नाहीत. मेंदी डाळिंबाच्या आणि तामणाच्या कुळातली, कडू मेंदी तुळशीच्या कुळातली, तर ड्युरांटा घाणेरीच्या. तरी लोकांनी तिघांना एकच नाव दिले, कारण तिघांचे काम एक आहे.

असेच इंग्लंडमध्येही झाले. तिथल्या शहरांत घराभोवती दिसणारे सर्वसाधारण कुंपण म्हणजे प्रिव्हेट. हे झुडूप आपल्या मोगऱ्याच्या आणि पारिजातकाच्या कुळातले. इंग्लंडचे स्वतःचे एक रानटी प्रिव्हेट होते, पण शहरांत पसरले ते एकोणिसाव्या शतकात जपानकडून आलेले रुंद पानांचे. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या गिरणगावांत नाजूक झाडे तग धरत नव्हती. प्रिव्हेटने काजळी सोसली, कात्री सोसली, हलक्या हिवाळ्यातही पाने टिकवली आणि कामगारांच्या चाळवजा घरांपुढची चार हात जागा हिरवी ठेवली. आपल्याकडच्या मेंदीलाही इंग्रजांनी ‘इजिप्तचे प्रिव्हेट’ म्हटले आणि कडू मेंदीला ‘हिंदी प्रिव्हेट’. आपण कुंपणाच्या प्रत्येक झाडाला मेंदी म्हणतो आणि त्यांनी प्रत्येकाला प्रिव्हेट म्हटले. दोन्हीकडे नाव पडले ते झाडाच्या कुळावरून नव्हे, त्याच्या नोकरीवरून. म्हणून शहरातल्या घरांभोवती ठरावीकच झाडे का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यदृष्टीत शोधू नये. माझ्या मते कुंपणाच्या झाडाला तीन परीक्षा द्याव्या लागतात: शेळीची, कात्रीची आणि उन्हाळ्याची. तिन्हींत जे उतरते आणि शिवाय फुकट मिळते, ते घरोघरी होते. मेंदी सर्वत्र दिसते ती या निवडीमुळे.

पहिली परीक्षा शेळीची. कुंपण लावायचेच मुळी जनावरांपासून वाचण्यासाठी, आणि जनावरांनीच ते खाल्ले तर सगळेच मुसळ केरात. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण आपण विश्वासघाताबद्दल वापरतो, पण कुंपणच खाल्ले जाणे ही शेतकऱ्याची त्याहून रोजची अडचण आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, आदिलाबादकडे आणि यवतमाळकडेही, शेताभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घालायची रीत जुनी आहे. मेलेल्या काट्याला शेळी तोंड लावत नाही हे खरे, पण त्याला वाळवी लागते, वणव्यात तो पेटतो, वादळात उडतो आणि दरवर्षी नव्याने काटे तोडून आणावे लागतात. जिवंत कुंपणाची गरज तिथूनच निर्माण होते. मग उरतात ती जनावराने नाकारलेली झाडे: पांढऱ्या चिकाचा शेर, मोगली एरंड, घायपात, निर्गुडी, अडुळसा आणि ओढ्याकाठची बेशरम. प्रत्येकाचा नाकारला जाण्याचा मार्ग निराळा. कुणाचा चीक डोळ्यांना घातक, कुणाचे पान कडू, कुणाच्या पानाच्या टोकाला सुई. गावाच्या या यादीत कडू मेंदी शोभून दिसते. तिच्या पानातला कडूपणा हेच तिचे शस्त्र. मेंदी आणि कडू मेंदी या दोघींच्या शास्त्रीय नावांत ‘इनर्मिस’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ निःशस्त्र. काटा नसलेल्या झाडाने काट्याचे काम करायचे, तर चव हीच त्याची ढाल असते.

सुक्या काट्यापेक्षा जिवंत कुंपण बरे, हा धडा या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर शिकला गेला आहे. कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्या राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसे होती. सुरुवातीला या रेषेवर सुक्या काट्यांचा ढीग रचला गेला. वाळवी, आग आणि वादळ यांनी तो पुन्हा पुन्हा संपवला. १८६७ पासून काही वर्षे ही रेषा सांभाळणाऱ्या खात्याचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. त्यांनी जमिनीप्रमाणे झाडे निवडून जिवंत कुंपण वाढवण्यावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर ही सगळी आपल्या ओळखीचीच मंडळी त्यात होती. चांगल्या पट्ट्यांत हे कुंपण १० ते १४ फूट उंच झाले. १८७९ साली ही जकात रेषा बंद झाली आणि कुंपणही पाहता पाहता नाहीसे झाले. रॉय मॉक्सहॅम या लेखकाने विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा माग काढला, तेव्हा मोठ्या खटपटीनंतर त्याच्या हाती एक छोटासा अवशेष लागला. गोरगरिबांच्या तोंडचे मीठ महाग करणाऱ्या त्या कुंपणाबद्दल हळहळण्याचे कारण नाही, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली. भिंत एकदा बांधली की उभी राहते, कुंपणाला मात्र रोज माणूस लागतो. राखणारा हात गेला की कुंपण रान होते किंवा नष्ट होते.

म्हणून दुसरी परीक्षा कात्रीची, आणि इथे या झुडपांची रचनाच कामाला येते. मेंदीची एक कोवळी फांदी हातात घेऊन पाहावी. पाने एकाआड एक नसून समोरासमोर, जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. फांदीचा शेंडा जिवंत असेतो तो एक संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि हे डोळे दबलेले राहतात. शेंडा कापला की दाब उठतो आणि जोडीतले दोन्ही डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन होतात. पुढच्या छाटणीत दोनाच्या चार आणि त्यापुढे आठ. एका पावसाळ्यात तीन-चार वेळा कात्री फिरली की आरपार दिसणारी काटकुळी रांग दाट होते. कडू मेंदी, ड्युरांटा आणि तिकडचे प्रिव्हेट या सर्वांची पाने अशीच जोडीने येतात. पान लहान असल्यामुळे कापलेल्या कडा डोळ्यांत भरत नाहीत. आदिलाबादच्या जंगलाचे वैभव असलेला सागही बुंध्यापासून पुन्हा फुटतो, पण त्याच्या सुपाएवढ्या पानावर कात्री चालवली तर उरतील त्या चिंध्या. नवख्या माणसाची चूक नेहमी एकच असते: रोप उंच व्हावे म्हणून तो पहिल्या वर्षी शेंड्याला हात लावत नाही. मग कुंपण वरती दाट आणि खाली उघडे होते आणि त्या उघड्या बुडातून कोंबडीपासून कुत्र्यापर्यंत सगळे आत येतात. कुंपण बुडाशी भरायचे असेल तर ते वीतभर असतानाच कापावे लागते.

तिसरी परीक्षा उन्हाळ्याची, आणि आदिलाबादचा उन्हाळा काही कुणाची गय करत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तेलंगणातली कडाक्याची थंडीही याच जिल्ह्यात पडते. पाऊस चार महिने भरपूर आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. त्यात जमीन काळी, कापसाची. ही रेगड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. त्यामुळे मुळे तुटतात आणि नाजूक झाड जूनपर्यंत टिकत नाही. मेंदी मुळातच कोरड्या मुलखाची, तिची मुळे खोल जातात. कडू मेंदी तर कोकणाच्या खाड्यांकाठी, खारफुटीच्या शेजारी वाढणारी. खाऱ्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या झाडाला पाणी जपून वापरावे लागते आणि त्यासाठीच तिचे पान जाड आणि मेणचट असते. समुद्राकाठी उपयोगी पडलेला तोच गुण समुद्रापासून शेकडो मैल दूर, दख्खनच्या उन्हात तिला तारतो.

या तीन परीक्षा गावातही होत्या, मग ही छाटलेली रांग विशेषकरून शहरी घरांची ओळख कशी झाली? याचे उत्तर कचेरीच्या इतिहासात आहे. छावण्या आणि सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांनी एक नमुना घालून दिला: मध्ये घर, भोवती मोकळे आवार, आवाराला बुटके हिरवे कुंपण आणि ते कापायला सरकारी माळी. हा नमुना सिकंदराबादच्या छावणीकडून निजामाच्या राज्यात आणि नागपूरकडून वऱ्हाडात पसरला असणार. आदिलाबाद १९०५ साली स्वतंत्र जिल्हा झाला. भाषावार पुनर्रचनेत १९५६ साली किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले. सीमा बदलत राहिल्या तरी जिल्हा म्हटला की कचेरी आली, विश्रामगृह आले, पोलीस लाइन आली, आणि त्यांच्यामागोमाग कापलेली मेंदीही आली. तिथून ती मास्तरांच्या, कारकुनांच्या, कापूस व्यापाऱ्यांच्या घरापुढे गेली, आणि त्यासाठी कुणाला एक रुपया मोजावा लागला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कुणाच्या तरी कुंपणाची छाटणी होते. खाली पडलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी उचलायची, खालची पाने काढायची आणि ओल्या मातीत अर्धी खोचायची. दोन-तीन आठवड्यांत ती फुटते. एका घराचा केर हे दुसऱ्या घराचे बियाणे. एखाद्या वस्तीत सगळ्यांची कुंपणे सारखी दिसतात, ती बहुधा एकाच जुन्या झुडपाची लेकरे असतात. सारखेपणाला आपण कल्पनेचे दारिद्र्य म्हणतो, पण या सारखेपणात शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या काड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव आहे.

आज ही देवघेव थांबत चालली आहे. नवे घर बांधणारा माणूस आधी सिमेंटच्या विटांची सहा फूट भिंत उभारतो. तो अविचारी आहे असे मी म्हणणार नाही. त्याची कारणे तपासून पाहावीत. पहिले कारण चोरी. भिंत चोराला अडवते असे वाटते, पण भिंतीवरून एकदा आत उडी पडली की तीच भिंत चोराला रस्त्यापासून झाकते. कमरेइतक्या कुंपणामागे काय चालले आहे ते शेजाऱ्याला दिसते. जिथे खरा धोका आहे तिथे कुंपणाच्या मध्ये तारेची जाळी घ्यावी, दोन वर्षांत ती पानांत दिसेनाशी होते. दुसरे कारण साप. ही भीती खोटी नाही. मात्र साप झुडपासाठी येत नाही, झुडपाच्या बुडाशी साठलेल्या पाचोळ्यातल्या उंदरांसाठी येतो, आणि उंदीर विटांच्या ढिगाऱ्यातही तितक्याच सुखाने राहतात. बुडाशी वीतभर जागा झाडून स्वच्छ ठेवली तर ही तक्रार बरीच कमी होते. तिसरे कारण जागा, आणि ते सर्वांत वजनदार आहे. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर दोन फूट रुंदीचे कुंपण मागे आणि दोन्ही बाजूंना लावले तर सुमारे २२० चौरस फूट जातात, म्हणजे प्लॉटचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मध्यमवर्गीय माणसाला ते परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण रस्त्याकडच्या बाजूला, फाटक सोडून, ५०-६० चौरस फूट पुरतात. बाजूंना भिंत, समोर कुंपण, हा व्यवहार्य तोडगा आहे.

भिंतीचा खर्चही नीट मांडला जात नाही. काळ्या जमिनीवरच्या हलक्या पायाच्या भिंतीला दोन-चार पावसाळ्यांत तडे जातात, कारण खालची माती दरवर्षी फुगते आणि आकसते. दिवसभर तापलेली भिंत रात्री अंगणात उष्णता सोडत राहते. वारा भिंतीला धडकून वर उसळतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येऊन धूळ टाकतो. कुंपणातून तोच वारा मंद होऊन, पानांवर धूळ ठेवून येतो. पान पाणी सोडते, त्यामुळे ते भिंतीसारखे तापत नाही. कुंपणात शिंपी पक्षी दोन पाने शिवून घरटे करतो, मेंदीच्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हणही कुणीतरी कुंपणाकडे नीट पाहिले म्हणूनच जन्मली असेल. आणि एक गोष्ट हिशेबात न बसणारी आहे. कुंपण हद्द सांगते, पण बोलणे अडवत नाही. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच आळीत नांदणाऱ्या या जिल्ह्यात, कुंपणावरून होणारी दोन वाक्यांची विचारपूस ही लहान गोष्ट नव्हे. सहा फूट भिंतीवरून ती होत नाही.

कुंपणावरचा खरा आक्षेप भिंतवाल्यांचा नसून निसर्ग जाणणाऱ्यांचा आहे. ज्या गुणांमुळे एखादे झाड कुंपणाला उत्तम ठरते, त्याच गुणांमुळे ते उपद्रवी होऊ शकते. जनावर खात नाही, कापले तरी मरत नाही, कोरड्यात टिकते: असे झाड कुंपणाबाहेर पडले तर त्याला अडवणार कोण? अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आलेली घाणेरी आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे. वेडी बाभूळ आणि बेशरम यांची गोष्ट वेगळी नाही. इंग्लंडला सभ्य वाटणारे प्रिव्हेट, त्याची चिनी जात, अमेरिकेच्या दक्षिण भागात ओढ्याकाठची जंगले गिळत आहे. ड्युरांटाची पिवळी मण्यांसारखी फळे विषारी असतात आणि लहान मुलांना ती खुणावतात. तेलंगणाच्या रस्त्यांकडेला मोठ्या प्रमाणावर लावलेल्या कोनोकार्पसबद्दल आज तक्रारी होत आहेत, आणि गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र कुंपण नको असा नाही. तीन परीक्षांना चौथी जोडावी, एवढाच आहे: झाड आपल्या मुलखाचे किंवा निदान इथे शतकानुशतके शिस्तीत राहिलेले असावे आणि कुंपणात एकटे नसावे.

चौथ्या परीक्षेत उतरणारी झाडे आपल्याजवळ आहेत. खरी मेंदी आहेच. अडुळसा खोकल्याला उपयोगी आणि शेळीला नकोसा. निर्गुडी निळसर फुलांची आणि काडीने लागणारी. कोरांटीला काटेही आहेत आणि देवाला वाहायला फुलेही. रुंद जागा असेल तर करवंद आणि सागरगोटा यांच्यासारखी राखण कोणतीच तार करणार नाही. चार झाडे मिसळून लावली तर एकाला कीड लागली तरी रांग उघडी पडत नाही आणि वर्षाचे बहुतेक महिने काहीतरी फुललेले राहते. यासाठी नवी यंत्रणाही नको. तेलंगणात २०१८ च्या पंचायत कायद्यानंतर गावोगावी रोपवाटिका झाल्या आणि २०१९ च्या नगरपालिका कायद्याने हिरवाईसाठी अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा राखून ठेवला. मोठ्या वृक्षांच्या रोपांबरोबर तिथे अडुळसा, निर्गुडी आणि मेंदीच्या काड्यांचे वाफे लावले, तर घरापुढच्या कुंपणाचा प्रश्न एका पावसाळ्यात सुटेल. शाळांनी हे काम मुलांच्या हातून करवून घ्यावे. काडी खोचून तिला पान फुटताना पाहणे हा वनस्पतिशास्त्राचा उत्तम धडा आहे.

नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती एवढीच आहे. तीन बाजूंना भिंत घालायची असेल तर घाला, पण रस्त्याकडची बाजू झाडांना द्या. ३० फुटांच्या दर्शनी बाजूला, फूटभर अंतराने दोन ओळी धरल्या तर साठेक काड्या लागतात आणि त्या कुणाच्या तरी छाटणीतून फुकट मिळतात. मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की त्या लावा, वीतभर वाढल्या की निर्दयपणे कापा, आणि पुढच्या वर्षी तुमच्या छाटणीतल्या काड्या शेजाऱ्याला द्या.